खालच्या मजल्यावरची मार्लिस

मार्लिस डालग्रेनला खुर्चीत स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या केटल क्रॉसिंगच्या कोर्टात ती कमिशनर, म्हणजे धाकटी जज्ज. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोरासोरांचे गुन्हे, सगळी घरगुती रड तळमजल्यावर तिच्यापुढे यायची. मोठे जज्ज वरच्या मजल्यावर. मार्लिसचा हुकूम पटला नाही तर दहा दिवसांत वर दाद मागायला जाता येतं, असा एक परिच्छेद प्रत्येक हुकुमाच्या शेवटी असतो. ती तो इतका भरभर वाचायची की तिची कारकून असून मलाही कळायचा नाही.

त्या उन्हाळ्यात वेड प्रुइट तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्या दारूपायी त्याच्या आठ वर्षांच्या जोसीला दुसऱ्यांच्या घरी ठेवलं होतं. आता दारू सुटली होती, पण कोर्टाने लावून दिलेल्या पालकांच्या वर्गाला तो शेवटचे काही आठवडे गेलाच नव्हता.

"वर्गाला का गेला नाहीत?" मार्लिसने विचारलं.

"काम होतं, मॅडम."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचा वकील घड्याळ बघत होता. मार्लिसने सही केली: जोसीला डोंगरापलीकडच्या कुटुंबाकडे कायमचं पाठवावं.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचा गस लिंडक्विस्ट तिसऱ्या लग्नाचा परवाना घ्यायला माझ्या खिडकीशी आला आणि सहज म्हणाला, "वेडने पाण्याचा टँकर हाकला म्हणून गाव उरलं, बर्डी. वणवा विझेपर्यंत घरी गेला नाही गडी, वर्गाला कुठला जाणार!"

मी धावत जाऊन मार्लिसला सांगितलं. ती माझ्यावरच उसळली. "असं कोर्टाबाहेरचं मला सांगायचं नसतं! आता यावर काही करताही येत नाही आणि विसरताही येत नाही!"

"मग त्याला फोन कर. वर जा म्हणावं."

"मी एका बाजूला सल्ले देत बसू?"

मग सुरू झाल्या येरझाऱ्या. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. माझं तर डोकं उठलं. तो मेला वेड वर जाईना आणि ही खाली बसेना.

मुदत संपत आली तेव्हा तो हुकुमाची प्रत न्यायला आला. मार्लिस कोर्टाचा झगा न घालताच बाहेर आली. "शेवटचा परिच्छेद त्या दिवशी मी नीट वाचला नव्हता," म्हणाली आणि सावकाश वाचला.

"हो, मॅडम."

तिने पुन्हा वाचला. तो टोपी चुरगाळत म्हणाला, "कळलं. पण तुमचा शब्द डावलून वर जाणं बरं दिसत नाही. तुम्ही विचार करूनच ठरवलं असणार."

अरे देवा! आमच्याकडचे हे भले पुरुष! पोर गेली तरी चालेल, पण कुणाला वाईट वाटता कामा नये.

मार्लिसचा चेहरा पांढरा पडला. मग ती अशा आवाजात बोलली, जो मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही सगळं अर्धवटच सोडता, मिस्टर प्रुइट. वर्ग सोडलात. दारूही उद्या पुन्हा धराल. पोरीसाठी एक जिना चढायची धमक नाही तुमच्यात."

हा सल्ला नव्हता, निव्वळ अपमान होता. त्याविरुद्ध नियम असलाच तर मला तो त्या दिवशी आठवला नाही.

वेडच्या मानेच्या शिरा ताठल्या. "बघतोच," म्हणाला आणि धाडधाड जिना चढला. मार्लिस माझ्या टेबलाला धरून उभी राहिली.

वर संतापाच्या भरात तो पहिल्यांदा सगळं बोलला, वणव्यासकट. जज्जांनी मार्लिसचा हुकूम रद्द केला. जोसी घरी आली.

महिन्याभराने आम्ही दोघी किराणा दुकानात बटाटे निवडत होतो. समोर वेड आणि जोसी. तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बघून ठेव, बेटा. तुला माझ्यापासून तोडायला निघाली होती ती हीच बाई."

पोरीने मार्लिसकडे डोळे वटारून पाहिलं. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मार्लिसने माझं मनगट करकचून दाबलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तिच्या पायात नवे बूट होते. पाहिलेस?"

"पाहिले."

गाडीच्या दाराला किल्ली तिला काही केल्या लावता येईना. शेवटी मीच तिच्या हातून घेतली आणि गाडी चालवली.