कुपीचं उद्घाटन

चिखलीच्या आमच्या कॉलेजात मोनोक्लोनल अँटिबॉडीची एकच कुपी आली होती. ही अँटिबॉडी एकाच प्रकारच्या चेतापेशींना चिकटून त्यांना चमकवते, म्हणून त्या वेगळ्या काढता येतात. माझी पीएचडी त्यावरच अडली होती. प्राचार्यांनी मात्र कुपी बर्फातून काढून उन्हात, नारळाशेजारी मांडली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

"सर, गरम झाली तर ती वाया जाईल."

"काऊन घाबरता? पाहुणे येऊनच राह्यले."

पाहुणे दोन तासांनी आले आणि विज्ञाननिष्ठेवर तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी चमकली नाही. नव्या कुपीसाठी अर्ज घेऊन गेलो, तर प्राचार्यांनी तो वाचून विचारलं, "मंग हिच्या उद्घाटनाले कोणाले बोलवायचं?"