पाहुण्यांचं स्वच्छतागृह

माझी थोरली बहीण परदेशात विमानतळावरचे संडास धुते. हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. दादा सगळ्यांना सांगतो, "ताई विमानतळावर ऑफिसर आहे." तिच्या पैशांवर त्यानं घराला दुसरा मजला चढवला, तेव्हा मात्र त्याला कसला वास आला नाही!

मी लेकीला घेऊन याच घरात राहते. शाळेत मुलींसाठी संडास नव्हता, म्हणून लेक सकाळी पाण्याचा घोटही न घेता जायची आणि संध्याकाळी पोट धरून परत यायची. एकदा लघवीला जळजळ होऊन ती तापानं फणफणली. मी ताईला फोनवर म्हटलं, "हिची शाळा सोडवते आता." ताई कडाडली, "खबरदार!" तिनं तिकडे सोबत काम करणाऱ्या बायकांना गोळा केलं, सगळ्यांनी पदरचे पैसे घातले. संडास बांधून झाला. पण उद्घाटन ताईच्या हस्ते व्हायचं होतं, म्हणून तोवर त्याला कुलूप.

ताई सुट्टीवर आली. शाळेत मांडव, खुर्च्या, भिंतीवर चकचकीत पाटी: 'परदेशस्थ अधिकारी भगिनीच्या देणगीतून'. संस्थेच्या अध्यक्षांनी ताईचा हात हातात धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले. भाषणात 'विकास' या शब्दाचा त्यांनी नुसता रवंथ केला. ताईनं फीत कापली, टाळ्या पडल्या, आणि त्या थांबायच्या आत शिपायानं दाराला पुन्हा कुलूप घातलं.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"खराब होईल ना, ताई," अध्यक्ष हसत म्हणाले. "तपासणीला साहेब आले, कुणी पाहुणे आले, की उघडू."

"आणि मुली?"

"मुलींना सवय आहे हो. शिवाय रोज धुणार कोण? असलं काम करणारं माणूस आणायचं कुठून?"

दादा ताईच्या कोपराला चिमटे काढत होता. तिनं त्याचा हात झटकला.

"मी करते ते काम," ती म्हणाली. "तिकडे दिवसभर तेच करते. पैसे घालूनही ज्यांचा या पाटीवर उल्लेख नाही, त्याही सगळ्याजणी तेच करतात. द्या किल्ली, आत्ता धुऊन दाखवते."

अध्यक्षांनी किल्ली दिली नाही. खिशातून रुमाल काढला आणि ज्या हातानं ताईचा हात धरला होता, तो पुसला. बोट न् बोट पुसलं. तिचे पैसे चालले, फोटो चालले, हात तेवढा विटाळला! इतकं घाणेरडं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

घरी दादा ओरडला, "नाक कापलंस आमचं!" आणि जेवणं झाल्यावर त्याच तोंडानं विचारलं, "वरच्या मजल्याला रंग द्यायचाय. परत गेलीस की पाठवशील ना?" लाज कोळून प्यायलाय नुसता! ताई उठून बॅग भरायला लागली. भरता भरता तिनं माझ्या लेकीला जवळ घेतलं.

"बाळा, पाणी पीत जा गं."

"मावशी, कुलूप आहे."

ते माझ्या डोक्यातून जाईना. ताई गेली त्याच सकाळी हातोडा, बादली आणि ब्रश घेऊन मी शाळेत गेले. शिपाई धावत आला आणि माझं तोंड बघून बाजूला झाला. कुलूप फुटलं.

आता रोज शाळा भरायच्या आधी तो संडास मी धुते. दादानं माझ्याशी बोलणं टाकलंय, शेजारीण माझ्या हातचा चहा घेत नाही. लेक मात्र घरातून निघताना ग्लासभर पाणी गटागटा पिते.