अनुताईच्या चौथ्या चॅप्टरमधली चूक माझी आहे

माझ्या बहिणीच्या थिसिसमध्ये एक खोटं चॅप्टर आहे.
ते मी टाकलं.

हे लिहायचं मी वर्षभर टाळलं. मोबाईल काढायचो, दोन ओळी टाइप करायचो, मग कुठंतरी निघून जायचो. आज तिचं वर्षश्राद्ध आहे. आज कुठं जाणार?

अनुताई माझी मावसबहीण. मी कॉलेज सेकंड इयरला सोडलं आणि मित्राच्या ट्रकमध्ये बसून बस्तर पाहत फिरलो. ती घरीच एका टेबलाशी बसून गॅसचा विचार करायची. सिलिंडरचा नाही. इतक्या थंड गॅसचा, की त्यातले अॅटम सुटे सुटे राहतच नाहीत.

तिचा प्रश्न एकच. हलायला दिशा किती आहेत, यावर तो गॅस कसा वागतो?

एकदा सदर बाजारात आम्ही दोघं गाडीवर अडकलो. ती मागे बसलेली.

"विक्की, ओव्हरटेक कर बरं."
"कुठून करू? पुढं स्कूटी, मागं स्कूटी."
"हे वन डी, हलायला एकच दिशा. कोणाला कोणाच्या पुढं जाताच येत नाही. अशा ठिकाणी अॅटमचा स्वभावच बदलतो."
"ताई, मागचे भैया हॉर्न देऊन राहिले."
"देऊ दे. तेही वन डीतच आहेत."

मले फिजिक्स एवढंच समजलं. बाकी ती सांगायची आणि मी हव, हव करायचो.

बस्तरच्या वाटेवर केशकाल घाटात एक वळण आहे, तिथून खाली पाहिलं ना...
जाऊ द्या. मी असाच पळतो. त्या दिवशीही असाच पळालो.

आजारपणानं तिचे हात सुजायला लागले होते. टाइप होत नव्हतं. सहा चॅप्टरांपैकी तीन तिनं स्वतः टाइप केली. चौथं पेन्सिलनं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि हॉस्पिटलच्या पलंगावरून माझ्या हातात दिलं. पुढची दोन जुन्या फाइलमध्ये तयार होती, पण उभी चौथ्यावरच होती.

"तिसरं थ्री डीचं आहे," ती म्हणाली. "तिथं तळाजवळ, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीपाशी, जागा कमी. थंड केलं की वरच्या जागा पुरत नाहीत, मग उरलेले सगळे एकदम तळाशी गोळा होतात. चौथं टू डीचं. तिथं तळाजवळच एवढ्या जागा, की असा गोळा होतच नाही. एकमेकांना न ढकलणारा, मोकळा पसरलेला गॅस घे, कितीही थंड कर. अॅब्सोल्यूट झिरो येईपर्यंत नाही म्हणजे नाही."
"म्हणजे चौथ्यात काहीच होत नाही?"
"होत नाही, हेच तर दाखवायचं आहे, गधड्या."

खाली मित्राचा ट्रक उभा होता. उरल्याच्या कारखान्यातून सळ्या भरून जगदलपूरला चाललेला. त्याचे तीन मिस कॉल आले होते.

रजिस्टर बावीस पानांचं. प्रत्येक पानावर चिन्हंच चिन्हं.

मी काय केलं सांगतो. तिसरं चॅप्टर कॉपी केलं, चौथ्यात पेस्ट केलं. जिथं थ्री लिहिलं होतं तिथं टू केलं. फॉर्म्युल्यांना हात लावला नाही, ग्राफही तोच ठेवला. मले वाटलं सारखंच तर दिसते, परत आलो की नीट करू.

म्हणजे ताईच्या नावावर आता असं लिहिलेलं आहे की टू डीतही गॅस तळाशी गोळा होतो. जे होत नाही असं तिला दाखवायचं होतं, नेमकं तेच.

संध्याकाळी तिनं विचारलं, "झालं?"
"झालं."
"शेवटचा पॅरा वाच ना."
"तू आराम कर, ताई. आल्यावर वाचतो."

तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "जा. तुझा ड्रायव्हर वाट पाहून राहिला असेल."

मी जगदलपूरला असतानाच ती गेली.

फाइल तिच्या गाइड मॅडमकडे पोचली होती. मॅडम नागपूरच्या. वर्षभर ते परवानगीत अडकलं, आता त्यांनी मावशीला कळवलं की थिसिस अनुच्या नावानं जमा करू, येत्या सोमवारी. त्यांनी चौथं वाचलं की नाही, मले माहीत नाही. मी तीनदा फोन लावला. तीनही वेळा रिंग जायच्या आधी कापला.

मावशीनं एक प्रिंट काढून फोटोपुढं ठेवली आहे. सकाळी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. मले म्हणाली, "बाबू, तू टाइप केलं म्हणून झालं रे. नाहीतर पोरीचं राहूनच गेलं असतं."

मी हो म्हणालो.

खोटं चॅप्टर तपासणारे वाचतील आणि म्हणतील, या मुलीला पहिली गोष्टच कळली नव्हती. ते मले सहन होणार नाही. सांगितलं तर सोमवार रद्द होईल, आणि मावशी पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही.

ताई, तुला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते मले. माफ कर म्हणत नाही. नीट जा.

खालून मावशी हाका मारून राहिली. "विक्की, खाली ये. अनुची मॅडम आली नागपूरवरून. न कळवता आली बघ. चौथ्या चॅप्टरचं काही विचारून राहिली."

आधी हे पोस्ट करतो. मग खाली जातो.