ओळंब्याची दोरी

भिंतीशी झुंजणारा माणूस पाहिलाय कधी? आमच्या वस्तीतला गवंडीकाका झुंजतोय. कारखान्याच्या मालकानं आमची वाट अडवायला त्याच्याकडूनच उंच भिंत बांधून घेतली. तेव्हा काका छाती ठोकून म्हणाला, "ही पाडायला देवालाही माझी परवानगी लागेल!"

काकू म्हणाली, "हळू बोला, तो बहिरा नाही."

आज सकाळी भिंत सरळ आहे का ते बघायला काकानं ओळंबा सोडला. वारा नव्हता, दोरी सरळ होती. भिंतच वस्तीकडे बोटभर कलली होती. दुपारी वीतभर. तडा नाही, आवाज नाही. आता काका तिला पाठ लावून उभा आहे. पाय घसरताहेत, तरी ओरडतो, "मी आहे ना!"

तुम्ही त्या भिंतीच्या सावलीत राहत असाल, तर त्याचं ऐकू नका. पोरंबाळं घेऊन आधी बाहेर पडा.