चिंचेनं घासलेला रेझर

बाबांची दाढी वाढली आणि त्यांना पूजेला बोलावणं बंद झालं. अमरावतीत ते भिक्षुकी करायचे. सुतकात दाढी करत नाहीत आणि सुतकातल्या भटजीला कोणी सत्यनारायणाला बोलावत नाही. तेव्हा गालावरचे खुंट पाहून यजमान काय ते समजून घेत आणि गुपचूप दुसऱ्या भटजींकडे जात. खरं कारण एवढंच होतं, की घरी येणारा म्हातारा न्हावी लेकाकडे पातूरला राहायला गेला होता. तरुण न्हाव्यांनी दुकानं थाटली, ते घरोघर येईनात. दुकानात सगळ्यांच्या गळ्याला एकच फडकं, म्हणून बाबा तिथे जाईनात. स्वतः करावी तर हात थरथरायचा. आई नव्हती, भाऊ नव्हता. मी एकटी लेक, अकोल्याला शाळेत शिकवत होते. दर खेपेला ते आणखी गप्प झालेले दिसत आणि मला त्यांचा रागच यायचा. खरं कारण कोणाला सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

मला जुन्या वस्तूंचं वेड. अकोल्याच्या बाजारात एक जण गोणपाटावर जुनी कुलपं, अडकित्ते, समया असं काहीबाही मांडून बसायचा. त्यात एकदा मखमल विटलेली डबी निघाली. आत दाढीचा रेझर.

"सायबाच्या घरचा हाय, बाई. खरी चांदी."

"खरी चांदी असती तर तुमी मले दाखवली असती काय?"

तो हसला आणि भाव उतरवला.

खोलीवर येऊन मी तो नीट पाहिला. मूठ फिरवली की तीन भाग सुटे व्हायचे. पातं ज्या पट्टीवर बसतं तिला फणीसारखे दात होते. दुकानातल्या नव्या रेझरांची कड सरळ असते. मुठीच्या टोकाशी झिजून पिवळा ठिपका पडला होता, म्हणजे आत पितळ आणि वर चांदीचा मुलामा. नवं पातं त्यात चपखल बसलं. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे, वकिली सोडलेले गृहस्थ. त्यांना असल्या वस्तूंची नजर होती.

"विलायती आहे, आणि दातांवरून पाहता चांगला जुना," ते म्हणाले. "हा ठिपका सोडला तर मुलामा शाबूत आहे, सारी किंमत त्याची. घासू मात्र नका. घासला की भंगार."

बदल्यात दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ देतो म्हणाले. त्या घड्याळावर माझा कधीचा डोळा होता. तरी मी लगेच हो म्हटलं नाही, कारण रेझर हातात घेतल्यापासून मला बाबांचे गालच दिसत होते. सुट्टी लागताच डबी पिशवीत टाकून अमरावतीची बस धरली.

"आता मीच करते तुमची दाढी," म्हणत मी डबी उघडली. बाबांनी रेझर दुरूनच पाहिला.

"कोणाचा होता?"

"काय माहीत."

"परक्याच्या अंगाला लागलेला. शुद्ध करावा लागेल. पितळेला आंबट, काशाला राख."

"आणि सोन्यारुप्याला नुसतं पाणी," मी त्यांचंच शास्त्र त्यांच्यावर उलटवलं. "हे रुपं आहे, बाबा."

त्यांनी चष्मा लावला. पिवळा ठिपका त्यांना लगेच सापडला. "वर रुपं, आत पितळ. दाढी माझी करून राहिली तू, का मुलाम्याची?"

वकिलांचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. "मग घड्याळ घेऊन ये," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या पाठीकडे मला बघवेना. स्वयंपाकघरात जाऊन मीच चिंचेचा गोळा भिजवला. मग बाबांनी देवाची उपकरणी घासावीत तसा तो रेझर घासला, आणि संशय नको म्हणून वर राखही लावली. मुलामा जाऊन पिवळंधमक पितळ उघडं पडलं. माझा जीव चरफडला, खोटं कशाला सांगू?

दाराची कडी लावली. लेकीनं बापाची दाढी केल्याचं आमच्यात कोणी ऐकलं नव्हतं. फेस लावला, गाल झाले. हनुवटीखाली आल्यावर माझा हात अडला, तेव्हा बाबांनी डोळे मिटून गळा वर केला. एवढा विश्वास त्यांनी आजवर माझ्यावर टाकला नव्हता. मला रडू आलं, म्हणून मी थोडा वेळ साबणाची वाटीच ढवळत बसले.

संध्याकाळी आम्ही देवळात निघालो. वाटेत भातकुलीचे एक जुने यजमान भेटले, भाजीपाला विकून परत चाललेले. बाबांचे गाल पाहून ते चाचरत म्हणाले, "महाराज, सुतक फिटलं काय? कोन गेलं होतं?"

"कोणी नाही. सुतक नव्हतं, न्हावी नव्हता." बाबा म्हणाले. मला वाटलं, बोलणं संपलं. "आज लेकीनं दाढी करून दिली," ते भर रस्त्यात, मोठ्यानं म्हणाले.

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मंग गुरुवारी आमच्याकडं पूजा सांगाले या न, महाराज," ते म्हणाले. "अन् लेकीलेबी घेऊन या."