काकांचा लाल बावटा

तीन माणसं एकत्र उभी दिसली की त्यांची संघटना बांधल्याशिवाय चैन न पडणारा माणूस अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये एकच होता: आमच्या समोरच्या घरातले काका. आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात खोळंबलेल्या पेशंटांचं शिष्टमंडळ त्यांनी रिसेप्शनिस्टकडे नेलं, तेव्हा अपॉइंटमेंट नसलेले त्यात ते एकटेच होते. आमच्या गणपतीत मोदक वळणाऱ्या बायकांना खुर्च्या मिळाव्यात म्हणून ऐन आरतीआधी त्यांनी संप पुकारला. बायका वळतच राहिल्या. संपावर काका एकटे, आणि काकू त्यांना म्हणाल्या, “कॉम्रेड, नारळ तरी खवून द्या.”

काकू गेल्या आणि काकांच्या घोषणाच बंद झाल्या. अमेरिकेतल्या मीनलने, त्यांच्या मुलीने, कायमचं तिकडे बोलावलं. नातू नुकता चालायला लागला होता. पण इमिग्रंट व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता: कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? सोलापुरात कॉलेजात असताना काका होते.

“सरळ ‘नाही’ लिहा ना,” मी म्हटलं. “इतकी वर्षं झाली, कोण बघतंय?”

“खोटं बोलून नातवाला कडेवर घेऊ?”

त्यांना टॅबलेटवर फोन लावून द्यायला मीच जायची. मीनल समजावत होती, “बाबा, वकील म्हणतात जुनी मेंबरशिप चालते. पण ती कधीच संपली, किंवा त्यात तुमचा मनापासून विश्वास नव्हता, हे त्यांना पटायला हवं.”

काकांनी काकूंच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “विश्वास कसला ग! तुझी आई मीटिंगला यायची, म्हणून मी जायचो.”

मीनल खो खो हसली. “बाबा, हेच सांगा! आईला माहीत होतं?”

“छे! तिला शेवटपर्यंत वाटायचं, तिचं भाषण ऐकून मी लाल झालो. फार अभिमान होता तिला त्याचा.”

मुलाखतीला लंडनला मी सोबत गेले. अमेरिकन वकिलातीतून काका बाहेर आले ते थेट समोरच्या बाकावर बसले.

“काय झालं?”

“काचेमागच्या बाईने विचारलं, पक्षात का गेलात? म्हटलं, एका मुलीसाठी. मग सोडला कधी? म्हटलं, ती हो म्हणाली तेव्हा. हसली ग ती. म्हणाली, व्हिसा मिळेल.”

मी पेढ्यांचा डबा उघडला. काकांनी पेढा घेतला, पण तो हातातच राहिला.

“जन्मभर जे बायकोला सांगितलं नाही, ते आज परक्या बाईला सांगून आलो,” ते म्हणाले. “आणि तेही इंग्रजीत.”

“काकू रागावल्या असत्या?”

“पक्षातून काढलं असतं,” काका म्हणाले. हसायला गेले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

आता ते तिकडेच असतात. रविवारी फोन येतो. नातू मागे धुडगूस घालत असतो, काका खुशीत असतात. “नॉटिंगहॅमला पाऊस आहे का ग?” हे मात्र दर वेळी विचारतात. मी म्हणते, आहे. “बराच आहे का?” बराच आहे, मी म्हणते. मग थोडा वेळ फोन कुणीच ठेवत नाही.