कुसुमताईंच्या स्टुडिओतली शांतता

माझ्या आवाजाला पोटापाण्याला लावलं ते कुसुमताईंनी. गेल्या महिन्यात नंदनवन वस्तीत लेकीच्या घरी, भरल्या वयात, दुपारचं जेवण करून त्या निजल्या त्या निजल्याच... फोन आला तेव्हा रडू आलं नाही. महाल भागातली त्यांची माडीवरची खोली डोळ्यांपुढे आली.

नवऱ्यामागे तो रेकॉर्डिंग स्टुडिओ ताईंनीच चालवला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक माइक. भजनी मंडळं, कव्वाल, निवडणुकीतले उमेदवार, सगळे तो जिना चढून गेले. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ताईंनी हसतमुखानं कुलूप लावलं. गाद्यांनी बाहेरचा आवाज थांबत नसे, म्हणून टेप सुरू करण्याआधी ताई गॅलरीत लाल टॉवेल टाकत. तो दिसला की गल्ली गप्प. समोरचे भांडी ठोकणारे गणपतकाकाही हातोडी खाली ठेवत.

मी सावनेरहून आलो तो बी.ए. होऊन, घरातला पहिला पदवीधर. पण नोकरी नव्हती आणि बाबांनी कोळसा खाणीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. या खेपेला जमलं नाही तर परत जायचं, असं ठरलं होतं. ताईंनी एका कापड दुकानाची जाहिरात वाचायला दिली. आठवडी बाजाराच्या गावांतून फिरणाऱ्या जीपच्या भोंग्यासाठी. मी सभेत उभा असल्यासारखा “सन्माननीय नागरिकहो” करत होतो. टेप पुन्हा पुन्हा मागे जात होती. शेवटी गणपतकाकाच वर आले.

“काहून गा साहेब, घागर ठोकू का तुलेच ठोकू?”

ताई खळखळून हसल्या. काकांना त्यांनी माझ्यासमोर बसवलं. “कागद ठेव तो. या काकायले सांग.”

मी सांगू लागलो. काका रेकॉर्डिंग विसरूनच गेले. “आन् बुढीसाठी लुगडं भेटते का गा?”

“भेटते ना काका, घेऊनच या तिले!” मी बोलून गेलो. आता गेलं काम... पण ताईंनी टेप थांबवली नाही. दुकानदार ती ऐकून म्हणाला, “हाच पोट्टा पाहिजे आपल्याले.”

पुढच्याच आठवड्यात मी गावाहून ताईंना पत्र पाठवलं:

“ताई, नमस्कार. काल बाजारात ती जीप आली. माय वांगे निवडून राहिली होती, तशीच उठली. शेजारीण म्हने, तुहं पोरगं काहून ओरडून राहिलं वं? माय म्हने, ओरडत नाही, बोलावते. बाबा संध्याकाळी खाणीवर जाऊन सांगून आले, माह्या पोराची जागा दुसऱ्याले द्या. मी सोमवारी येतो. तुमचा, प्रभाकर.”